‘सेवा ९९.९७ टक्के उपलब्ध होती’ : एसएलए नेमका वाचायचा कसा?

नोंदवही

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, पण गेले तीन आठवडे हा विषय डोक्यातून जात नाहीये, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

मी एका कंपनीत ऑपरेशन्स बघते. ऑर्डर घेण्यापासून माल रवाना करण्यापर्यंतचं आमचं सगळं काम बाहेरच्या एका कंपनीच्या क्लाउड सॉफ्टवेअरवर चालतं. करारासोबत सहा पानांचा एसएलए, म्हणजे सेवा कशी आणि किती चालेल याचं पुरवठादाराचं लेखी वचन, आहे. सही करताना त्यातली एकच ओळ मी नीट वाचली होती : ‘मासिक उपलब्धता ९९.९ टक्के’. आकडा बघून समाधान झालं आणि पान उलटलं.

मागच्या महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी सकाळी ९.४० ला ऑर्डर सेव्ह होणं बंद झालं. लॉगिन होत होतं, जुनी यादी दिसत होती, पण सेव्हचं बटण दाबलं की चक्र फिरत राहायचं आणि मिनिटभराने एरर यायची. दुपारी २.१० ला सुरळीत झालं. त्या साडेचार तासांत आम्ही ६३ ऑर्डरी कागदावर लिहून घेतल्या आणि संध्याकाळी दोघींनी बसून पुन्हा भरल्या. त्यातल्या दोन चुकून दोनदा भरल्या गेल्या, ते निस्तरायला आणखी एक दिवस गेला.

मग महिन्याचा रिपोर्ट आला. उपलब्धता ९९.९७ टक्के, एसएलए पाळला गेला, क्रेडिट (म्हणजे पुढच्या बिलात सूट) लागू नाही. मी गणित मांडलं. ३० दिवसांचा महिना म्हणजे ४३,२०० मिनिटं. आमची २७० मिनिटं गेली, म्हणजे उपलब्धता ९९.३७५ भरते. त्यांच्या आकड्याप्रमाणे सेवा अख्ख्या महिन्यात १३ मिनिटंच बंद होती.

फोन केला तर अकाउंट मॅनेजर शांतपणे म्हणाले, ‘मॅडम, सेवा बंद नव्हतीच. लॉगिनचं पान चालू होतं.’ मी पान ४ उघडलं. तिथे डाउनटाइमची व्याख्या दिली आहे : ‘सर्व वापरकर्त्यांना सेवेशी संपर्क साधता न येणे’. म्हणजे त्यांच्या बाजूने ते खरंच बोलत होते.

पुढच्या महिन्यात कराराचं नूतनीकरण आहे. तोवर हा कागद मला नीट समजून घ्यायचाय. या क्षेत्रातल्या लोकांनी कृपया मदत करा.

दशांशचिन्ह

नोंदवही ताई, तुमचं गणित बरोबर आहे. त्यांचंही बरोबर आहे. दोघांनी वेगवेगळ्या गोष्टी मोजल्यात, आणि एसएलएमध्ये बहुतेक भांडणं इथेच होतात. टक्केवारी सगळ्यात शेवटी वाचायची. आधी बघायचं की कशाची टक्केवारी, कुणी मोजलेली, कुठून मोजलेली आणि किती काळावर मोजलेली.

त्यांचा मोजणारा प्रोग्रॅम बहुधा दर पाच मिनिटांनी लॉगिनच्या पानाला हाक मारत असेल. पान ‘ओ’ देतंय म्हटल्यावर सेवा चालू. मागे डेटाबेस लिहून घेतोय की नाही, हे तो विचारतच नाही. तुमच्या कामासाठी खरं मोजमाप वेगळं आहे : सेव्हच्या शंभर प्रयत्नांपैकी किती ठरलेल्या सेकंदांच्या आत यशस्वी झाले? आमच्याकडे या मोजमापाला एसएलआय म्हणतात. त्यावर आपण आपल्यापुरतं जे लक्ष्य ठेवतो ते एसएलओ, आणि ते लक्ष्य चुकलं तर समोरच्याला काय द्यायचं हे कागदावर बांधून घेतलं की तो एसएलए. शहाणी कंपनी आतलं लक्ष्य बाहेरच्या वचनापेक्षा कडक ठेवते. ग्राहकाला ९९.९ कबूल केलं असेल तर स्वतःसाठी ९९.९५ धरते, म्हणजे वचन मोडायच्या आधी धोक्याची घंटा वाजते.

काळाचं बघा. ९९.९ महिन्यावर मोजलं तर सूट ४३ मिनिटांची. तेच ९९.९ वर्षावर मोजलं तर ८ तास ४५ मिनिटं. तुमचे साडेचार तास वार्षिक मोजणीत निवांत बसले असते आणि वर आणखी सव्वाचार तास शिल्लक राहिले असते. ‘मासिक’ हा शब्द तुमच्या कागदावर आहे, तो हातचा जाऊ देऊ नका. नूतनीकरणाच्या मसुद्यात तो गुपचूप ‘वार्षिक’ झालेला मी पाहिलाय.

सरासरीबद्दलही सांगतो. ‘सरासरी प्रतिसादवेळ २ सेकंद’ असं लिहिलं असेल तर ते बदलून घ्या. शंभरातल्या ९५ विनंत्या एका सेकंदात झाल्या आणि ५ विनंत्या वीस सेकंद लटकल्या, तरी सरासरी दोनच्या आत येते. त्याऐवजी ‘९५ टक्के विनंत्या अमुक सेकंदांत आणि ९९ टक्के तमुक सेकंदांत’ असं मागा.

साधाप्रश्न

माझा प्रश्न बाळबोध वाटेल. एवढी कटकट असेल तर सरळ ९९.९९९ का मागू नये? किंवा शंभरच?

दशांशचिन्ह

प्रश्न अगदी रास्त आहे. ९९.९९९ म्हणजे वर्षभरात सव्वापाच मिनिटं. रात्री तीनला काही बिघडलं तर ड्यूटीवरच्या माणसाचा फोन वाजून, तो उठून, लॅपटॉप उघडून लॉगिन करेपर्यंत वर्षाचा कोटा संपलेला असतो. म्हणजे ही पातळी माणसांच्या भरवशावर गाठता येत नाही. सगळं दुहेरी-तिहेरी हवं, बिघाड ओळखून आपोआप दुसरीकडे वळणारं हवं, आणि त्याची किंमत ग्राहकच देतो.

शिवाय साखळी असते. तुमचा पुरवठादार स्वतः कुणाकडून तरी सर्व्हर घेतो, कुणाकडून ईमेल, कुणाकडून पेमेंटची सोय. तिन्ही ९९.९ च्या असतील आणि तिन्ही चालू असल्याशिवाय काम होत नसेल, तर एकत्र उपलब्धता ९९.७ होते, महिन्याला १३० मिनिटांच्या आसपास. पायाच ९९.७ चा असेल आणि वर कुणी ९९.९९ चा एसएलए देत असेल, तर हे कसं जमवता असं विचारायचं. जमवणाऱ्यांकडे उत्तर तयार असतं : पर्यायी मार्ग आहेत, एक बंद पडला तर दुसरा उचलतो. उत्तर नसेल तर तो आकडा फक्त विक्रीसाठी आहे.

रात्रपाळी

मी पुरवठादाराच्या बाजूचा माणूस, ११ वर्षं सपोर्ट डेस्कवर आहे. उपलब्धतेवर दशांशचिन्हांनी लिहिलंच आहे. पण माझ्या अनुभवात ग्राहकाचं जास्त नुकसान तिकिटाच्या, म्हणजे नोंदवलेल्या तक्रारीच्या, घड्याळात होतं. ताई, त्या दिवशीच्या तिकिटाचा इतिहास वेळेसकट इथे टाकाल का? कंपनीचं नाव नको.

नोंदवही

हो, समोरच आहे.

९.५२ ला तिकीट टाकलं. ९.५३ ला आपोआप आलेला ईमेल : ‘आपली तक्रार मिळाली’. १०.१४ ला तिकिटाला पी३ दर्जा दिला (पी१ सगळ्यात तातडीचा, पी३ त्यामानाने बिनघाईचा). १०.२० ला त्यांनी स्क्रीनशॉट मागितला. मी १०.२६ ला पाठवला. १.०५ ला त्यांचा प्रश्न : ‘स्क्रीनशॉट मिळाला नाही, अजून अडचण आहे का?’ मी पुन्हा पाठवला. २.१० ला चालू झालं. २.३० ला तिकीट बंद.

रिपोर्टमध्ये या तिकिटाचं लिहिलंय : प्रतिसाद १ मिनिट, निराकरण १ तास ५३ मिनिटं. ते १ तास ५३ मिनिटं कुठून आले, मला अजून कळलेलं नाही.

रात्रपाळी

कळेल. ९.५२ ते १०.२० ही २८ मिनिटं. १०.२० ला तिकीट ‘ग्राहकाकडून माहितीची प्रतीक्षा’ या अवस्थेत टाकलं, तिथे घड्याळ थांबलं. १.०५ ला पुन्हा सुरू झालं ते २.३० पर्यंत, म्हणजे ८५ मिनिटं. २८ आणि ८५ मिळून ११३ मिनिटं, १ तास ५३. मधले पावणेतीन तास तुमच्या खात्यावर गेले.

तुमचा १०.२६ चा ईमेल बहुधा तिकीट ज्या पत्त्यावरून टाकलं त्यापेक्षा वेगळ्या पत्त्यावरून गेला असणार, नाहीतर विषयातला तिकीट क्रमांक पुसला गेला असणार. मग तो तिकिटाला चिकटतच नाही, कुठल्या तरी सामायिक इनबॉक्समध्ये पडून राहतो. हे मी इतक्यांदा पाहिलंय की ग्राहकांना पहिल्याच दिवशी सांगतो : उत्तर पोर्टलवर जाऊन तिकिटातच द्या, आणि मग तिकिटाची अवस्था बदलली का ते डोळ्यांनी बघा.

त्या एका मिनिटाच्या प्रतिसादाबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. मशीनने पाठवलेली पोच हा प्रतिसाद नव्हे. एसएलएमध्ये स्पष्ट लिहून घ्या की प्रतिसाद म्हणजे माहितगार माणसाने तक्रार वाचून दिलेलं उत्तर. निराकरणाचंही तसंच. तात्पुरता मार्ग काढून दिला की निराकरण धरायचं, का मूळ दोष दुरुस्त झाल्यावर? दोन्हींना वेगळी मुदत हवी.

आणि पी३! ऑर्डर सेव्ह होत नसताना पी३ कसा? तुमच्या कागदात दर्जा कसा ठरतो ते बघा. ‘पुरवठादाराच्या निर्णयानुसार’ असं असेल तर ते बदलायलाच हवं. दर्जा परिणामावरून ठरावा : मुख्य काम ठप्प आणि दुसरा मार्ग नाही, तर पी१. वाद असेल तर आधी ग्राहकाचा दर्जा धरून काम सुरू करावं, चर्चा नंतर.

नोंदवही

बघितलं. आहे खरंच तसं, ‘पुरवठादाराच्या निर्णयानुसार’. आणि १०.२६ चा ईमेल मी माझ्या स्वतःच्या पत्त्यावरून पाठवला होता, तिकीट मात्र विभागाच्या पत्त्यावरून होतं. रात्रपाळी दादा, खूप आभार. तीन आठवड्यांत हे मला कुणीच समजावून सांगितलं नव्हतं.

कलम_उपकलम

मी करार तपासण्याचं काम करते. ताई, आता पान ५ किंवा ६ वर जा आणि ‘क्रेडिट हाच एकमेव उपाय’ अशा अर्थाचं वाक्य शोधा. जवळपास प्रत्येक छापील एसएलएमध्ये ते असतं. त्याचा अर्थ असा की सेवा कितीही वेळ बंद राहिली तरी तुम्हाला पुढच्या बिलात सूट मिळेल, त्यापलीकडे काही मागता येणार नाही. क्रेडिट म्हणजे नुकसानभरपाई नव्हे. तुमच्या ६३ ऑर्डरींचं काय झालं, याच्याशी त्याचा संबंध नसतो. त्याचा हिशोब तुमच्या मासिक शुल्कावर होतो.

मोठ्या कंपन्यांचे एसएलए जाहीर असतात, ते वाचून बघाच. ॲमेझॉनच्या ईसी२ सेवेचं, म्हणजे भाड्याने मिळणाऱ्या सर्व्हरचं, उदाहरण घ्या. प्रदेशाच्या पातळीवर वचन ९९.९९ टक्क्यांचं आहे. ९९.९९ च्या खाली, पण ९९ च्या वर राहिलं तर १० टक्के क्रेडिट, ९९ ते ९५ मध्ये ३० टक्के, आणि ९५ च्या खाली गेलं तर १०० टक्के. महिन्याचा ९९ टक्के म्हणजे ७ तास १२ मिनिटं. सात तास बंद राहूनही ग्राहक १० टक्क्यांच्याच पायरीवर असतो. आणि ते आपोआप जमा होत नाही. घटनेनंतरचं दुसरं बिलिंग चक्र संपायच्या आत, तारखा-वेळा आणि लॉगसकट अर्ज करावा लागतो. मुदत गेली की हक्क गेला. तुमच्या करारातही अर्जाची मुदत असणार. ती आज रात्रीच शोधा, तीन आठवडे आधीच गेलेत.

वगळलेल्या गोष्टींची यादीही वाचा. नियोजित देखभाल वगळतात, ते ठीक. पण किती तास आधी कळवायचं आणि महिन्यात जास्तीत जास्त किती तास, हे दोन्ही लिहिलेलं नसेल तर कुठलाही बिघाड ‘तातडीची देखभाल’ म्हणून खपवता येतो. ‘तृतीय पक्षाच्या सेवांतील अडथळे’ हे वाक्यही धोक्याचं. त्यांनी स्वतः निवडलेला होस्टिंगवाला तुमच्यासाठी तृतीय पक्ष कसा? त्याची जबाबदारी त्यांचीच.

मी माझ्या पक्षकारांसाठी क्रेडिटपेक्षा एका हक्कावर जास्त अडून बसते : सलग तीन महिन्यांत दोनदा एसएलए चुकला, तर दंड न भरता करार संपवता यावा आणि डेटा वापरता येईल अशा स्वरूपात परत मिळावा. समोरचा माणूस टेबलावर गंभीर होतो तो या कलमाला.

साधाप्रश्न

मग क्रेडिटच भरपूर वाढवून घेतलं तर? चुकलात की ५० टक्के. पुरवठादार सरळ येईल.

रात्रपाळी

याला माझा विरोध आहे, आणि तो मी पुरवठादाराकडचा आहे म्हणून नाही. दंड जबर झाला की डेस्कवरच्या माणसावर आकडा वाचवायचं दडपण येतं. मग पी१ चा पी२ होतो, नको ते स्क्रीनशॉट मागितले जातात, तिकीट बंद करून नवीन उघडायला सांगतात. रिपोर्ट हिरवागार आणि ग्राहक वैतागलेला, असं चित्र मी जवळून पाहिलंय. दंड असावा, पण टोचेल एवढाच. त्यापेक्षा मोठ्या बिघाडानंतर पाच कामाच्या दिवसांत मूळ कारणाचा लेखी अहवाल मिळणं बंधनकारक करा. काय तुटलं, कधी कळलं, पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार आणि कोणत्या तारखेपर्यंत. त्याने सेवा खरोखर सुधारते.

कलम_उपकलम

अहवालाच्या मागणीशी पूर्ण सहमत. पण क्रेडिट इतकं कमी नको की ते देणं दुरुस्तीपेक्षा स्वस्त पडेल.

जुना_खांब

उशिरा आलो. खरेदी विभागात आयुष्य गेलं, एक गोष्ट कळकळीने सांगतो : स्वतःची मोजणी स्वतः करा. सगळा पुरावा पुरवठादाराकडे आणि निवाडाही पुरवठादाराचा, अशाने वाद जिंकता येत नाही.

२८ फेब्रुवारी २०१७ ला ॲमेझॉनची फाइल साठवण्याची एस३ सेवा उत्तर व्हर्जिनियातल्या प्रदेशात काही तास कोलमडली. बिलिंग यंत्रणेतला दोष शोधताना एका आज्ञेतला तपशील चुकीचा टाइप झाला आणि ठरवलेल्यापेक्षा जास्त सर्व्हर काढले गेले. सेवांची अवस्था दाखवणाऱ्या पानाचा कारभार एस३ वरच अवलंबून होता, त्यामुळे त्यांना ते पान बराच वेळ बदलताच आलं नाही. हे त्यांनी स्वतःच्या निवेदनात प्रामाणिकपणे लिहिलंय. तिथे लबाडी कुणाचीच नव्हती. मोजणारा आणि मोजला जाणारा एकाच खांबाला बांधलेले होते, एवढंच.

तुम्हाला मोठी यंत्रणा नकोय. चाचणीच्या ग्राहकाच्या नावाने दर पाच मिनिटांनी एक ऑर्डर सेव्ह करून पुसून टाकणारी छोटी स्क्रिप्ट आणि तिची नोंद पुरेशी आहे. करारात लिहून घ्या की दोन्हीकडच्या नोंदी जुळल्या नाहीत, तर दोन्ही समोरासमोर ठेवून तपासणी होईल.

आणखी एक, या धाग्यात अजून कुणी काढलं नाही म्हणून. सेवा चालू राहणं वेगळं आणि डेटा वाचणं वेगळं. आरटीओ म्हणजे मोठ्या आपत्तीनंतर किती वेळात सेवा उभी राहील. आरपीओ म्हणजे जास्तीत जास्त किती वेळाचा डेटा गेलेला चालेल. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या प्रोग्रॅमचा कोड साठवणाऱ्या सेवेच्या एका इंजिनिअरकडून चुकीच्या, म्हणजे मुख्य, डेटाबेस सर्व्हरवरची फोल्डर पुसली गेली. बॅकअपच्या आणि प्रती ठेवण्याच्या पाच वेगवेगळ्या सोयी होत्या, ऐनवेळी एकही धड कामाला आली नाही. रोजचा बॅकअप कधीपासून अयशस्वी होत होता आणि त्याचे इशाऱ्याचे ईमेल पोचतच नव्हते. एकाने सुमारे सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी हाताने काढलेली प्रत होती म्हणून निभावलं, तरी मधला सहा तासांचा डेटा गेलाच. त्यांनी हे सगळं जगासमोर उघड मांडलं, म्हणून आपल्याला शिकता येतं. ताई, तुमच्या एसएलएमध्ये आरपीओ किती आहे? आणि बॅकअप परत चढवून बघितल्याचा शेवटचा दाखला कोणत्या तारखेचा?

नोंदवही

आरपीओ हा शब्दच सहा पानांत नाही. उद्याच विचारते. क्रेडिटच्या अर्जाची मुदत घटनेपासून ३० दिवस होती, तुमच्यामुळे २४ व्या दिवशी अर्ज गेला. भेट झाली की इथे कळवते.

नोंदवही

कबूल केल्याप्रमाणे परत आले. काल दोन तास बैठक झाली.

सुरुवात मी तिकिटाच्या घड्याळापासून केली, २८ अधिक ८५. त्यांच्या सपोर्ट प्रमुखांनी तिथल्या तिथे जुना इनबॉक्स उघडून बघितला. माझा १०.२६ चा ईमेल स्क्रीनशॉटसकट तिथेच पडलेला होता. त्यानंतर बोलण्याचा सूर बदलला. त्या दिवसाचं क्रेडिट त्यांनी सद्भावना म्हणून मान्य केलं. व्याख्येप्रमाणे ते लागू होत नाही असंही लिहिलं, आणि माझी त्याला हरकत नाही.

नव्या मसुद्यात डाउनटाइमची व्याख्या अशी आहे : ‘लॉगिन, ऑर्डर नोंदवणे, किंवा रवानगी पत्रक तयार करणे यांपैकी कोणत्याही एका कामाचे सलग पाच मिनिटांतील पाच टक्क्यांहून अधिक प्रयत्न अयशस्वी होणे’. मोजणी महिन्याचीच राहिली. आपोआप जाणारी पोच प्रतिसादात धरायची नाही. पी१ आम्ही ठरवणार, महिन्यात तीनपेक्षा जास्त वेळा चुकीचा लावला तर त्यावर चर्चा, हे मलाही न्याय्य वाटलं. मूळ कारणाचा अहवाल पाच कामाच्या दिवसांत. आरपीओ त्यांनी २४ तास सांगितला, मी एक तास मागितला, चार तासांवर आलो, आणि दर तिमाहीला बॅकअप चढवून दाखवणार आहेत.

करार संपवण्याचा हक्क अजून अडकलाय. त्यांचं म्हणणं सलग तीन महिने चुकलं तर, माझं म्हणणं तीनांत दोनदा. शुक्रवारी पुन्हा बसतोय. कलम_उपकलम ताई, डेटा परत देण्याची मुदत त्यांनी ९० दिवस लिहिली आहे. तेवढे दिवस आम्ही ऑर्डरी कशावर घ्यायच्या?

कलम_उपकलम

९० नको. दोन भाग करा : करार संपल्याची नोटीस गेल्यापासून सात दिवसांत पूर्ण प्रत, आणि पुढचे ९० दिवस सेवा आहे त्याच दराने, त्याच एसएलएवर चालू. मसुद्याचे शब्द व्यक्तिगत निरोपात पाठवते, शुक्रवारच्या आत मिळतील.